नाव एकाचं, दोष दुसऱ्याचा

कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : फॉरमॅट मारून टाका. सोसायटीतला जाणकार मुलगा तो देतो, दुकानदार देतो, ऑफिसातल्या आयटीवाल्याचाही कल तिकडेच असतो. विंडोज नव्यानं टाकलं की मशीन चार दिवस छान चालतं, सल्ला देणाऱ्याचा शब्द खरा ठरतो, आणि मग एखाद्या संध्याकाळी ऐन खेळात पुन्हा तोच निळा पडदा. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. त्यानं बिघाड जात नाही. जातो तो पुरावा. कुठल्या दिवशी, काय चालू असताना, काय दिसलं म्हणून यंत्र थांबलं याची नोंद त्या यंत्रानंच लिहून ठेवलेली असते, आणि फॉरमॅट मारणारा सगळ्यात आधी ती पुसून टाकतो.

आमच्या घरातलं हे यंत्र भाच्याचं. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तो माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आला, आणि शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्यानं लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग निवडून आणला. जोडणीही त्याचीच. एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट, आत रंग बदलणारे दिवे, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या, मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड. अभ्यास त्यावरच, गेम त्यावरच, आणि डिस्कवर जागा भरपूर म्हणून घरादाराचे फोटोही त्यावरच. वर्षभर ते बिनतक्रार चाललं. मग क्रॅश व्हायला लागलं.

क्रॅश होताना आधी आवाज अडकतो. गेममधल्या पावलांचा, बंदुकीचा, पार्श्वसंगीताचा जो काही शेवटचा तुकडा वाजत असेल तोच घर्र्र करत एका जागी फिरत राहतो. माउस मेलेला. मग पडदा निळा होतो, त्यावर एक पडलेला चेहरा, खाली चढत जाणारे टक्के, कोपऱ्यात क्यूआर कोड आणि बारीक अक्षरांत एक स्टॉप कोड. तो वाचून होईपर्यंत मशीन आपणहून रीस्टार्ट होतं. त्यामुळे घरातल्या कुणालाच नेमकं काय लिहिलं होतं ते सांगता येत नसे. 'काहीतरी मेमरी होतं त्यात,' इतकंच.

म्हणून मी पहिल्यांदा भाच्याला ते आपोआप रीस्टार्ट होणं बंद करायला लावलं. विंडोजच्या सेटिंगमध्ये तशी एक खूण असते, ती काढली की निळा पडदा आपण हात लावेपर्यंत थांबून राहतो. दुसरं म्हणजे टेबलावर एक वही ठेवली. तारीख, वेळ, कुठला गेम, बरोबर आणखी काय चालू होतं, आणि स्टॉप कोड जसाच्या तसा. "मावशी, हे सगळं इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतंच," असं तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. विंडोजचा रिलायबिलिटी मॉनिटर तर रोजचा आलेखही काढून ठेवतो, ज्या दिवशी मशीन पडलं त्या दिवसावर लाल फुली असते. पण त्या आलेखात पंखा चालू होता की एसी, शेजारच्या खोलीत मिक्सर लागला होता का, दिवे मिणमिणले का, हे लिहिलेलं नसतं. ते वहीत लिहिता येतं.

निळ्या पडद्याचा लोकांना राग का येतो ते कळतं. मला मात्र त्याच्याबद्दल आदर आहे. विंडोजमध्ये काम दोन पातळ्यांवर चालतं. ब्राउझर, वर्ड, गेम हे सगळे वरच्या, कुंपण घातलेल्या पातळीवर असतात. त्यांतल्या एखाद्यानं भलतीकडे हात घातला तर विंडोज तेवढ्यालाच बंद करतं, बाकीचं चालू राहतं. आतली पातळी कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, आणि त्याच्या बरोबरीनं चालणाऱ्या ड्रायव्हरांची. तिथे काही विसंगत आढळलं तर वर दाद मागायला कुणी नाही. आपल्याच नोंदी बिघडल्यात हे कर्नलच्या ध्यानात आलं की त्याच्यापुढे दोन वाटा उरतात : बिघडलेल्या नोंदींवर काम रेटायचं आणि डिस्कवर भलत्या जागी भलतंच काही लिहून बसायचं, किंवा आहे त्या क्षणी सगळं थांबवायचं. ते थांबतं. पडद्यावर टक्के चढत असतात तेव्हा ते मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवून ठेवत असतं, मागून येणाऱ्याला वाचता यावा म्हणून. आपला कारभार विश्वासार्ह राहिलेला नाही असं कळताच काम थांबवून कागदपत्रं पुढे ठेवणारी व्यवस्था मी आयुष्यात फार ठिकाणी पाहिलेली नाही.

रंग निळाच का, याचं उत्तर अगदी साधं आहे. विंडोज एनटीसाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा पडदा लिहिणारे जॉन व्हर्ट यांनीच ते सांगितलंय : ते ज्या मशीनवर काम करत होते तिचा पडदा निळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा होता, आणि ज्या एडिटरमध्ये ते कोड लिहीत तोही तसाच. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ साठी तो काळा केला, पडलेला चेहरा आणि क्यूआर कोड काढून टाकले, आणि स्टॉप कोड व संबंधित ड्रायव्हरचं नाव ठळक केलं. हा बदल मला आवडला. संकटाच्या वेळी चेहऱ्यापेक्षा माहिती बरी.

पण ती माहिती वाचायची कशी हे ठाऊक नसेल तर ती दिशाभूलच करते. आमच्या वहीत काही दिवसांत निरनिराळे कोड जमले. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, एकदा सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. प्रत्येक क्रॅशनंतर विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाच्या पोटफोल्डरमध्ये एक छोटी फाइल पडते. भाच्यानं ती विनडीबीजी नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडायला शिकून घेतलं. ती उघडली की खाली एका ओळीत 'बहुधा याच्यामुळे' असं म्हणून एक नाव येतं. पहिल्यांदा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं नाव आलं. त्यानं तो ड्रायव्हर मुळापासून उपटून नवा टाकला. पुढच्या खेपेला वायफायचा. मग अँटिव्हायरसचा. मग खुद्द विंडोजच्या कर्नलचंच नाव. दर वेळी नवा गुन्हेगार, दर वेळी नवी शिक्षा, आणि क्रॅश जिथल्या तिथे.

मी बँकेत असताना बरीच वर्षं खात्यांचा ताळा लावण्याच्या टेबलावर बसले. संध्याकाळी एखाद्या खात्यात फरक निघाला की नवीन आलेला कारकून त्याच खात्याची पानं पुनःपुन्हा चाळत बसतो. जुना माणूस आधी विचारतो, की हा आकडा या पानावर आला कुठून? फरक सापडला ती जागा फार थोड्या वेळा चूक झाल्याची जागा असते. डंपमधलं नाव अगदी तसं असतं. मेमरीतल्या एका कप्प्यात कुणीतरी, केव्हातरी भलतं मूल्य ठेवून गेलं. थोड्या वेळानं वायफायच्या ड्रायव्हरनं विश्वासानं तो कप्पा उघडला, त्यात लिहिलेल्या पत्त्यावर गेला, आणि तिथे काहीच नव्हतं. तो ठेचकाळला तिथे पकडला गेला. डंपमध्ये त्याचं नाव लिहिलं गेलं, कारण त्या क्षणी धावत होता तो.

याचं फार मोठं उदाहरण २०२४ मध्ये सगळ्या जगानं पाहिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनरिअल इंजिनावर बनवलेले गेम सुरू होता होता बंद पडत, आणि पडद्यावर संदेश येई की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. कार्डाची मेमरी संपलेली नसे. लोक कार्डं बदलत राहिले, ड्रायव्हर बदलत राहिले. दोष प्रोसेसरात होता. त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत राहिल्यानं आतला एक भाग झिजत चालला होता, आणि गेम सुरू होताना फायली उलगडण्याचं जे जड काम करावं लागतं त्यात त्याचं गणित चुकत होतं. इंटेलनं शेवटी मायक्रोकोड बदलला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. संदेश कुणी खोटा लिहिला नव्हता. ज्या प्रोग्रॅमनं तो लिहिला त्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्यानं सांगितलं.

आमच्या वहीकडे एकत्र पाहिलं तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली, की नावं जुळत नव्हती. खरोखर एखादा ड्रायव्हर वाईट असता तर त्याचंच नाव दोनदा-तीनदा आलं असतं, कोडही बहुधा तोच राहिला असता. इथे कोड वेगळे, नावं वेगळी, गेम वेगळे. एकमेकांशी संबंध नसलेले इतके सगळे जण एकाच महिन्यात बिघडतील हे संभवत नाही. हे सगळे ज्या एकाच जमिनीवर उभे आहेत तीच कुठेतरी भुसभुशीत असणार. म्हणजे मेमरी, नाहीतर वीजपुरवठा, नाहीतर प्रोसेसर.

घरात या काळात मतमतांतरं खूप झाली. दुकानदारानं फोनवर सांगितलं, "ताई, रॅमला सहसा काही होत नाही, विंडोज करप्ट असेल." समोरच्या काकांच्या मते दोष लाइटचा, कमी-जास्त होते म्हणून. सासूबाईंचं म्हणणं असं, की यंत्र फार पळवलं जातं. "तापतं गं ते. जरा हळू चालवत जा म्हणावं त्याला." भाचा तेव्हा काही बोलला नाही, पण त्याला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं हे दिसत होतं. पुढे मी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा २०११ चा एक अभ्यास वाचला. सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या क्रॅशच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. त्यांच्या निष्कर्षांतला एक असा, की नेमून दिलेल्या वेगापेक्षा कमी वेगानं चालवलेली यंत्रं लक्षणीय प्रमाणात जास्त भरवशाची निघाली. मी ते वाक्य मराठीत सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि भाजी निवडत राहिल्या.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट माझ्या मनात जास्त रुतून बसली. आठ महिन्यांच्या त्या काळात किमान तीस दिवस भरतील इतका वेळ चाललेल्या यंत्रांपैकी प्रोसेसरच्या भागातल्या दोषामुळे एकदा पडण्याची शक्यता १९० मध्ये एक होती. पण एकदा पडलेलं यंत्र पुन्हा पडण्याची शक्यता जवळपास तीनात एक. म्हणजे हार्डवेअरमधला दोष बहुतेक वेळा वाटेनं जाणारा पाहुणा नसतोच, तो राहायला आलेला असतो. एकदा क्रॅश झालं तर सोडून द्यावं हे ठीक. पण दुसऱ्यांदा झालं की 'होतं कधीकधी' म्हणणं सोडून बसून शोधायला हवं.

शोधायला बसलं की सगळ्यात कठीण असतं ते हात आवरणं. भाच्याचा स्वभाव एका रविवारी सगळं उरकण्याचा : बायोस अपडेट, नवे ड्रायव्हर, नवं विंडोज, रॅम काढून पुन्हा लावणं, प्रोसेसरवरची पेस्ट बदलणं. समजा त्यानंतर क्रॅश थांबलं, तर ते कशानं थांबलं? आणि नाही थांबलं, तर यातल्या कशानं त्यात नवी भर पडली? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग पुरेसे दिवस वाट पाहायची, हा नियम मी घातला आणि तो पाळायला लावला. कंटाळवाणा नियम आहे. माझ्या माहितीत दुसरा कुठला चालत नाही.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्रॅम असतो. त्याचं मूळ १९९४ चं आहे, म्हणजे भाच्याहून तो बराच मोठा. तो पेन ड्राइव्हवर घालून मशीन त्यावरूनच सुरू करायचं, विंडोज येऊच द्यायचं नाही. कारण विंडोज चालू असलं की मेमरीचा मोठा भाग तेच अडवून बसतं, आणि ज्या जागेवर कुणी बसलंय ती जागा तपासता येत नाही. प्रोग्रॅम प्रत्येक कप्प्यात एक नमुना लिहितो, परत वाचतो, उलटा करून लिहितो, पुन्हा वाचतो. हे तासन् तास चालतं. रात्री लावून झोपायचं.

रॅमच्या आत काय चाललेलं असतं ते या निमित्तानं मी नीट समजून घेतलं, आणि यंत्र बिघडतं याचं नवल वाटायचं थांबलं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं तीच अजून चालू आहे : एका बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार गळतो. सतत गळतो. म्हणून मेमरीची प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरून ठेवावी लागते, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. सोळा जीबी म्हणजे असे सुमारे १३ हजार ७०० कोटी कपॅसिटर. आपण गेम खेळतो, पत्र लिहितो, नुसते पडद्याकडे बघत बसतो, तेव्हा ही सगळी भरणी अखंड चालू असते. त्यांतला एक जरी इतरांपेक्षा जरा लवकर गळू लागला तर पुढची भरणी येईपर्यंत त्यातला 'एक' हा 'शून्य' होऊन बसतो.

आम्हाला सापडला तो असाच. सकाळी चहा ठेवायला उठले तर काळ्या पडद्यावर लाल ओळी होत्या. भाच्याला उठवलं. प्रत्येक ओळीत दोन आकडे शेजारी-शेजारी : काय लिहिलं होतं आणि काय परत मिळालं. लिहिले होते आठ एफ. मिळाले तेव्हा सातव्या जागी एफ नव्हता, डी होता. बाकी सगळं जसंच्या तसं. एफ म्हणजे चार एक, डी म्हणजे त्यातला एक पडलेला. बत्तीस बिटांतला एक बिट. मी चष्मा लावून त्या ओळी वरून खाली वाचत गेले. दुसऱ्या फेरीतही सातव्याच जागी डी, तिसऱ्यातही.

तरीही पट्टी खराब आहे असा निकाल लगेच देण्यासारखा नव्हता. गेम खेळणारी मुलं रॅम घेताना खोक्यावरचा वेग बघून घेतात. आमच्या खोक्यावर ३२०० होतं. पण मशीन ती पट्टी आपणहून त्याहून कमी, सावध वेगानं चालवतं. खोक्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं, आणि ते करताच व्होल्टेजही १.२ वरून १.३५ वर जातं. भाच्यानं पहिल्याच दिवशी ते केलं होतं, सगळेच करतात. एक्सएमपी बंद करून रात्रभर पुन्हा चाचणी लावली. लाल ओळी पुष्कळ कमी झाल्या, पण संपल्या नाहीत.

मग एकेक पट्टी वेगळी. मशीन बंद करून, मागचा स्विच पाडून, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे आपल्या अंगातली स्थिर वीज उतरते. पट्टीच्या टोकाची खिटी बाहेर दाबली की ती अलगद वर येते. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, आणि मधोमधच्या जरा बाजूला एक खाच, म्हणजे पट्टी उलटी बसूच शकत नाही. आपल्याकडचे मेकॅनिक हे दात खोडरबरनं घासून देतात. त्याला अडाणी उपाय समजायचं कारण नाही. दातांवर धूळ किंवा दमटपणाचा थर बसला असेल तर खरोखर फरक पडतो, आणि डोंबिवलीचा पावसाळा कुठल्याही धातूला सोडत नाही. भाच्यानं दोन्ही पट्ट्या घासल्या, कापडानं पुसल्या. मग पहिली एकटीच लावली. रात्रभर एकही लाल ओळ नाही. ती काढून दुसरी तिथेच लावली, तर आम्ही दोघं खोलीतून बाहेर पडायच्या आत लाल ओळ. आता राहिली एकच शंका. हीच पट्टी शेजारच्या स्लॉटमध्ये घातली. तिथेही तेच, त्याच पत्त्यावर, तोच बिट. दोष पट्टीबरोबर हलला. स्लॉट निर्दोष, मदरबोर्ड निर्दोष, वायफायचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, विंडोज सगळे निर्दोष.

गेमच्या वेळीच का पडत होतं, हेही त्यावरून उलगडलं. एवढ्या मोठ्या मेमरीत एकच जागा खराब. साधं लिहिण्या-वाचण्याचं काम चालू असतं तेव्हा ती बहुधा रिकामीच राहते. गेम आला की तो मेमरी काठोकाठ भरतो, आणि मग कुणाच्या तरी वाट्याला ती जागा येतेच. कुणाच्या, हे दर वेळी वेगळं. कधी एखाद्या चित्राच्या, तेव्हा लांबच्या भिंतीवरचा एखादा ठिपका वेगळ्या रंगाचा दिसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कधी कर्नलच्या एखाद्या पत्त्याच्या, तेव्हा निळा पडदा. गेममुळे मशीन बिघडतं असं जे घरोघरी म्हटलं जातं ते म्हणूनच मला मान्य नाही. गेमनं बिघाड केला नव्हता, तो उजेडात आणला होता. गेम नसता तर तो किती काळ तसाच राहिला असता, आणि त्यानं काय काय केलं असतं?

हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी फोटो उघडले. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो त्या उन्हाळ्यात फोनमधून या मशीनवर उतरवले होते. एकेक बघत गेले. औक्षणाच्या एका फोटोत वरचा भाग स्वच्छ : मांडव, तोरण, उभ्या बायका. सासऱ्यांच्या कपाळाच्या थोडं खाली एक आडवी सरळ रेघ, आणि तिच्याखाली सगळं गुलाबी, शिवाय बोटभर उजवीकडे सरकलेलं. निरांजनाचं ताट हाताच्या जागेवर नव्हतंच. जेपीजी फायलीत एक बिट फिरला की पुढचा सगळा उलगडा असा घसरतो. फोनमधली मूळ प्रत सुदैवानं शाबूत होती. पण हा फोटो डिस्कवर लिहिला गेला तेव्हा कुठलाही निळा पडदा आला नव्हता. कुणी थांबलं नव्हतं, कुणी नोंद केली नव्हती. भाच्याच्या क्रॅशनं घर डोक्यावर घेतलं, आणि हे मात्र गुपचूप घडून गेलं होतं.

एका बिटानं काय होतं याचा एक किस्सा बेल्जियममधला आहे. २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागात मतदान यंत्रांवर झालं, आणि एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडलेली दिसली. वाढीव मतं होती नेमकी ४०९६. दोनाचा बारावा घात. तेराव्या जागेवरचा एक बिट शून्याचा एक झाला की बरोबर एवढीच भर पडते. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणानं तो बिट फिरवला असावा, असं आजवर मानलं जातं. आकडा अशक्य होता म्हणून तो पकडला गेला. शक्य कोटीतला असता तर मोजणीत जमा झाला असता.

यावर इलाज नाही असं नाही. सर्व्हरमध्ये ईसीसी जातीची मेमरी वापरतात. दर चौसष्ट बिटांमागे आठ जादा बिट ठेवायचे, त्यांत पडताळणीची खूण साठवायची. एक बिट फिरला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन फिरले तर निदान कळतं तरी. गूगलनं आपल्या सर्व्हरांतल्या मेमरीचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात साधारण एक तृतीयांश यंत्रांत अशी किमान एक तरी दुरुस्ती झालेली आढळली. त्यांना ती मोजता आली कारण त्यांच्याकडे मोजायची सोय होती. घरातल्या मशीनमध्ये ती नसते, त्यामुळे आपल्याकडे असं काही घडतच नाही असं आपण धरून चालतो. लिनक्स लिहिणारे लिनस टोरवाल्ड्स २०२१ च्या सुरुवातीला यावरूनच जाहीरपणे भडकले होते. ईसीसी घरगुती ग्राहकाच्या हाती पडू नये अशी बाजारपेठ तयार केली गेली, असा त्यांचा आरोप इंटेलवर होता. मी त्यांच्या बाजूची आहे. नव्या डीडीआर५ मध्ये चिपच्या आतल्या आत थोडी दुरुस्ती होते, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवर काही बिघडलं तर ती उपयोगाची नाही.

दोन्ही पट्ट्या जोडीनं घेतलेल्या असल्यामुळे वॉरंटीत दोन्ही परत कराव्या लागल्या. त्या काळात भाच्याच्या सबमिशन माझ्या लॅपटॉपवर झाल्या. नवी जोडी आली तेव्हा त्यानं गेम न लावता आधी पेन ड्राइव्ह लावला, रात्रभर चाचणी, मग एक्सएमपी चालू, पुन्हा रात्रभर चाचणी. मी काही सांगितलं नव्हतं. निळा पडदा त्यानंतर आलेला नाही. वही मात्र टेबलावरच आहे.

माझं काम अजून संपलेलं नाही. त्या डिस्कवरचे फोटो मी फोनमधल्या, बहिणीकडच्या, जुन्या सीडींवरच्या प्रतींशी ताडून बघते आहे. फाइलमागून फाइल, कारण उघडून डोळ्यांनी बघण्यावर माझा भरवसा नाही. प्रोग्रॅमला दोन्ही फायलींच्या खुणा काढायला लावायच्या आणि त्या जुळतात का ते पाहायचं. जुळल्या नाहीत त्यांची यादी छोटी आहे. ज्यांची दुसरी प्रतच नाही त्यांची यादी मोठी आहे, आणि तिच्याबद्दल यंत्राला काही विचारता येत नाही.

पुढचं मशीन घ्यायची वेळ आली की आधी ईसीसी चालणारा मदरबोर्ड बघायचा, मग ग्राफिक्स कार्ड, असं मी भाच्याला सांगून ठेवलंय. त्याला ते पटलेलं नाही. तेवढ्या पैशांत वरच्या वर्गातलं कार्ड येतं, असं तो म्हणतो, आणि हिशेब त्याचा बरोबर आहे. पण त्या दुसऱ्या, मोठ्या यादीत त्याच्या आईच्या लग्नाचे फोटो आहेत. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणच्या घरात पाणी शिरलं तेव्हा निगेटिव्ह गेल्या, अल्बम भिजला. जे कागद वाचले ते दोरीवर वाळत घालून आम्ही स्कॅन केले, आणि ते कागदही पुढे फार टिकले नाहीत. म्हणून या एका बाबतीत मी हटून बसले आहे.